दसऱ्याला फुललेली बाग हवी, तर झेंडू कधी आणि कसा लावावा

आश्विनात फुले हवी असतील तर मोठ्या फुलांच्या झेंडूचे बी आषाढातच पडायला हवे. दसऱ्याची तारीख दरवर्षी हलते, म्हणून आधी कॅलेंडर पाहा आणि तिथून मागे मोजा. मोठ्या फुलांचा आफ्रिकन झेंडू पेरणीपासून साधारण ८५ ते ९० दिवसांनी भरात येतो, बुटका फ्रेंच झेंडू ५५ ते ६० दिवसांनी. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे आफ्रिकन झेंडू २२ ते २७ जुलैला पेरावा, फ्रेंच २१ ते २६ ऑगस्टला.

बियाणे विकतच घ्या. हारातली वाळलेली फुले चुरून पेरण्याची पद्धत घरोघरी आहे, पण बाजारातला बराचसा झेंडू संकरित असतो. त्याच्या बियांतून मूळ फुलासारखे फूल येईल याची खात्री नसते. ‘पुसा नारंगी गेंदा’ हे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण आहे, त्याचे बी पुढच्या वर्षासाठी राखता येते.

बी ट्रेमध्ये पाव इंच खोल पेरा आणि ट्रे पत्र्याखाली किंवा वळचणीला, पण उजेडात ठेवा. उघड्या पावसात रोपे बुंध्याशी सडून कोलमडतात. ट्रेमधले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलसर असावे, चिखल नको. २५ दिवसांत चार-पाच पाने आली की संध्याकाळी पुनर्लागण करा. आफ्रिकन झेंडूला दोन रोपांत दीड फूट अंतर द्या, फ्रेंचला एक फूट. कुंडी दहा-बारा इंची घ्या. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण पुरते. बागेतली माती काळी असेल तर सहा इंच उंच गादीवाफा केलाच पाहिजे, कारण पाणी साचले की झेंडूची मुळे लगेच कुजतात.

शेंडा खुडल्याने फांद्या आणि फुले वाढतात, पण बहर आठवडाभर तरी लांबतो. पेरणी उशिरा झाली असेल तर खुडू नका. युरियाही नको. त्याने झाड हिरवेगार होते आणि कळ्या मात्र मोजक्याच येतात.

पाऊस ओसरून ऊन तापले की लाल कोळी ही बारीक कीड येते. कळ्यांवर बारीक जाळी दिसते आणि पाने धुरकट होतात. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. मग संध्याकाळी एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून फवारा, आठवड्याने पुन्हा फवारा.

सोबत अ‍ॅस्टर लावायचा असेल तर तोही जुलैतच पेरावा. त्याचा बहर एकदाच येतो, म्हणून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पेरलेला बरा. शेवंतीला मात्र लांब रात्रींचा अंधार लागतो. रस्त्याच्या दिव्याखाली ठेवलेली कुंडी दिवाळी उलटली तरी कळी धरत नाही.