अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील लोहार पूर्वजाचा माग कसा काढावा

एकोणिसाव्या शतकात मिसिसिपी नदीपलीकडे वसत गेलेल्या नव्या गावांमध्ये लोहाराचे दुकान फार लवकर उभे राही, कारण चाकाची धाव, नांगराचा फाळ आणि घोड्याचा नाल यांच्यावाचून शेतकऱ्याचे आणि वाटसरूचे काम अडत असे. अशा कारागिरांनी स्वतःविषयी लिहून ठेवलेले मात्र क्वचितच सापडते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबात सून किंवा जावई तिकडच्या घराण्यातील असेल, तर नातवंडांची वंशावळ लिहिताना असा लोहार पणजोबा समोर येऊ शकतो. त्याचा शोध घेताना केवळ नावावर विसंबू नये, तर त्याच्या धंद्याचा माग काढावा, कारण त्याचे आयुष्य प्रामुख्याने इतरांच्या हिशेबांत, करारांत आणि सरकारी तक्त्यांत नोंदलेले असते.

सुरुवात नेहमी अलीकडच्या काळापासून करावी. मृत्यूची नोंद, थडग्यावरील मजकूर, घरातील बायबलमध्ये लिहिलेल्या जन्म-विवाहाच्या तारखा आणि मृत्युवृत्त एवढे हाती आले की मागे जाण्याची वाट मोकळी होते.

त्यानंतर दर दहा वर्षांनी होणारी जनगणना पाहावी. 1850 पासून प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलामगिरीत नसलेल्या, व्यक्तीचे नाव, वय, जन्मस्थान आणि व्यवसाय नोंदला जाऊ लागला, तर 1880 मध्ये कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि आईवडिलांची जन्मस्थाने यांचीही भर पडली. कृष्णवर्णीय लोहाराच्या बाबतीत 1870 ची गणना निर्णायक ठरते, कारण त्याआधी गुलामगिरीत असलेल्या माणसांची नावे गुलामांच्या तक्त्यांत सहसा लिहिलीच जात नसत. या नोंदींतील मुलांच्या जन्मस्थानांकडे विशेष लक्ष द्यावे. थोरला ओहायोत, मधली इलिनॉयमध्ये आणि धाकटा कॅन्ससमध्ये जन्मला असेल, तर कुटुंबाच्या स्थलांतराचा मार्ग आणि त्याची अंदाजे वर्षे त्या तीन ओळींतच मिळतात. 1890 च्या गणनेचे बहुतेक कागद 1921 मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीमुळे कायमचे गेले. ही पोकळी भरून काढण्यासाठी नेब्रास्का, कोलोरॅडो आणि डकोटा येथील 1885 ची गणना किंवा कॅन्सस राज्याच्या 1885 आणि 1895 च्या गणना पाहाव्यात. कॅन्ससच्या गणनेत कुटुंब कोणत्या राज्यातून आले हेही विचारलेले असते.

लोहाराच्या शोधातील सर्वांत मोलाचा कागद मात्र बरेच जण उघडूनही पाहत नाहीत. 1850 ते 1880 या काळातील चार गणनांसोबत उद्योगांचे स्वतंत्र तक्ते तयार केले गेले आणि वर्षाला 500 डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीचा माल तयार करणाऱ्या दुकानांची नोंद त्यांत झाली. त्या एका ओळीत गुंतवलेले भांडवल, वर्षभरात लागलेले लोखंड आणि कोळसा, कामगारांची संख्या, त्यांची मजुरी आणि तयार मालाची किंमत दिलेली असते. मालाच्या रकान्यात नांगर आहेत, गाड्या आहेत की नुसती दुरुस्ती आहे, हे पाहिल्यावर त्या परिसरातील शेतीचे आणि वाहतुकीचे स्वरूपही उलगडते. जॉन डीअर याचेच उदाहरण घ्या. 1804 मध्ये व्हरमाँटमध्ये जन्मलेला हा लोहार 1836 मध्ये इलिनॉयमधील ग्रँड डिटूर येथे आला. बिडाच्या नांगराला तिथली चिकट माती लगडून राहते हे पाहून त्याने 1837 मध्ये करवतीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर घडवला. आपल्या पूर्वजाची कीर्ती एवढी नसली, तरी त्याच्या भट्टीतील कामही तिथल्या मातीनेच ठरवलेले असणार. पूर्वजाचे नाव या तक्त्यांत नसेल, तर त्याची कमाई मर्यादेपेक्षा कमी होती किंवा तो दुसऱ्याच्या दुकानात काम करत होता, या दोन शक्यता आधी तपासाव्यात.

पुढे जमिनीकडे वळावे. 1862 च्या होमस्टेड कायद्यानुसार 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन पाच वर्षे कसून आणि तिथे राहून आपल्या नावावर करता येत असे. मालकीपत्र इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते, परंतु तेवढ्यावर थांबू नये. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारातून त्या दाव्याची संपूर्ण फाइल मागवावी, कारण घराचे मोजमाप, नांगरलेले एकर, साक्षीदार शेजाऱ्यांचे जबाब आणि पूर्वज परदेशातून आलेला असल्यास नागरिकत्वाचे कागद तिथेच मिळतात. गावातील दुकानाच्या जागेचे खरेदीखत मात्र काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत शोधावे लागते.

अनेक लोहार सरकारी पगारावरही होते. लष्करी ठाण्यांनी रोजावर ठेवलेल्या नागरिकांच्या याद्या क्वार्टरमास्टर विभागाच्या, म्हणजे लष्कराच्या पुरवठा खात्याच्या, कागदांत आहेत. 1868 च्या फोर्ट लॅरमी करारात लकोटा आणि इतर मूळनिवासी जमातींना त्यांच्या राखीव प्रदेशात लोहार पुरवण्याचे वचन सरकारने दिले होते. अशा राखीव प्रदेशांतील सरकारी कचेऱ्यांवरील (एजन्सींवरील) नोकरांची नावे, जन्मस्थाने आणि पगार दर दोन वर्षांनी निघणाऱ्या सरकारी नोकरांच्या छापील नोंदवहीत शोधावेत. पूर्वज तिथे सापडला, तर ज्यांची जमीन आक्रसत चालली होती त्या लोकांचा इतिहासही सोबत वाचावा, नाहीतर त्याच्या नोकरीचा अर्थ अर्धवटच कळेल.

दुकानाची नेमकी जागा सॅनबॉर्न कंपनीच्या अग्निविमा नकाशांवर सापडू शकते, आणि जाहिराती व भागीदारी मोडल्याच्या सूचना अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) ग्रंथालयाने खुल्या केलेल्या जुन्या वृत्तपत्रांत मिळतात.

शेवटी वारसा-न्यायालयाची फाइल पाहावी. मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत ऐरण, भाता, सांडशी आणि हातोडे वेगवेगळ्या किमतींसह लिहिलेले आढळतात, तसेच उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकांची नावेही असतात. लिलावाचा कागद उपलब्ध असेल, तर ऐरण कोणी विकत घेतली ते आवर्जून पाहावे आणि त्या खरेदीदाराचे नाव पुढच्या जनगणनेत शोधावे. तो मुलगा, जावई किंवा जुना मदतनीस निघाला, तर दुकानाचा पुढचा मालक कोण झाला याचा धागा हाती येतो.