मावशीचा रिपोर्ट घेऊन नाशिकला जाण्याआधी

मंगळवारी मावशीला निफाडहून नाशिकला न्यायचंय, जनुकीय समुपदेशनाला. पिशवीत सगळ्यात वर मोठ्या आतड्याच्या गाठीचा मूळ बायॉप्सी रिपोर्ट आणि त्याला जोडलेला आयएचसीचा, म्हणजे गाठीतली प्रथिनं रंगवून पाहण्याच्या तपासणीचा, कागद. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालणार नाही, त्यात नेमकी खालची ओळ कापली गेलीय.

त्या कागदावर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या चार नावांना पेन्सिलीने खूण करायची. मागे काकांनी ‘निगेटिव्ह’ एवढंच वाचलं आणि पेढे घेऊन आले. इथे गणित उलटं आहे. ही प्रथिनं डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करतात. ती जागेवर असली की पेशींची केंद्रकं तपकिरी रंगतात. निगेटिव्ह म्हणजे रंगच चढला नाही. त्याच काचेवरच्या निरोगी पेशी तरी रंगल्या होत्या ना, हेही विचारायचं, नाहीतर तपासणीच फसलेली असायची.

मावशीचं एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही गायब आहे. ती जोडीच आहे, पहिलं गेलं की दुसरं टिकत नाही. एमएसएच२ गेलं तर एमएसएच६ असंच जातं. एकटं पीएमएस२ किंवा एकटं एमएसएच६ गेलं असतं तर संशय थेट त्याच जनुकावर गेला असता. एमएलएच१ मात्र पुष्कळदा, विशेषतः उतारवयात, गाठीपुरतंच मिथायलेशनने, म्हणजे जनुकावर रासायनिक खूण चढून, बंद पडतं. ते सहसा घराण्यातून आलेलं नसतं. म्हणून पहिला प्रश्न हाच: बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल किंवा मिथायलेशन तपासलं का? आतड्याच्या गाठीत बीआरएएफचा तो बदल निघाला तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे आतड्याच्या आणि गर्भपिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या घराण्यातल्या जनुकदोषाची, शक्यता फारच कमी. तपासलं नसेल तर पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, लागेल, त्यासाठी लॅबला अर्ज आणि मावशीचं आधार कार्ड. बीआरएएफ आणि मिथायलेशन दोन्हींत काही निघालं नाही तर मावशीच्या रक्ताची जनुक तपासणी. त्यात दोष सापडला तरच तिच्या मुलांची आणि माझ्या आईची पाळी. प्रत्येकाला निम्मी शक्यता.

घराण्याची माहिती हे खरं कष्टाचं काम. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावं मिळतील, पण कोण कशाने गेलं ते तिथे कोण लिहिणार? आजी ‘पिशवीच्या आजाराने’ गेली म्हणतात. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असेल तर तो इथे फार महत्त्वाचा. तेव्हा वय किती होतं, पिशवी काढली होती का, कळवणच्या मामींना आज रात्रीच फोन करते. त्या नऊला झोपतात.