मृत्युपत्रात वाचनालयासाठी काही ठेवायचंय? मग हे असं करा

आमच्या आत्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं, "माझी सगळी पुस्तकं आणि दोन लाख रुपये गावच्या वाचनालयाला." बास, एवढंच. जन्म गेला शाळेत मराठी शिकवण्यात, लग्न केलं नाही, घरात भिंतभर पुस्तकं. पण गावात वाचनालयं दोन, एक बाजारपेठेतलं जुनं आणि एक नंतर निघालेलं, आणि दोघंही स्वतःला गावचंच वाचनालय म्हणवतात. कुठलं ते ठरेपर्यंत चौदा महिने गेले, तोवर खोकी पडवीत, मधे एक अख्खा पावसाळा, आणि वाळवीने आमच्याआधी निकाल लावला. शेवटी ज्यांना द्यायचं ठरलं ते म्हणाले पैसे घेतो, पुस्तकं नकोत, निम्मी तर आमच्याकडे आहेतच.

त्या धावपळीत जे कळलं ते इथे लिहितोय. मी वकील नाही. शेवटचा मसुदा वकिलाला दाखवाच, पण त्याच्याकडे जाण्याआधी स्वतःचं ठरलेलं असलं की त्याचाही वेळ वाचतो आणि तुमची फी पण.

१. आधी आपलं नक्की काय आहे ते बघा

स्वतः कमावलेलं तुम्ही कुणालाही देऊ शकता, वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला फक्त आपला हिस्सा. हे हिंदूंसाठी. मुस्लिम कायद्यात कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाऊन जे उरतं त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वारसांच्या संमतीशिवाय बाहेर देता येतं. ख्रिश्चन लोकांवर धर्मादाय दानासाठी वेगळी जाचक अट होती, ती सुप्रीम कोर्टाने २००३ साली रद्द केली.

गोव्याचं गणित एकदम वेगळं. तिथे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात म्हणजे निम्मी आधीच जोडीदाराची, आणि उरलेल्या निम्म्यातली निम्मी मुलाबाळांसाठी राखीव, त्यामुळे सगळं मिळून चार आणे तुमच्या मर्जीचे. मृत्युपत्रही तिथे विशेष नोटरीसमोर करतात, त्यामुळे पुण्याच्या मित्राचा मसुदा उचलून म्हापशात वापरू नका.

आणि हो, नॉमिनी म्हणजे मालक नाही. एफडीवर भाच्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय आणि मृत्युपत्रात तीच एफडी वाचनालयाला दिलीय, तर बँक पैसे भाच्याच्या हातात देईल पण ते त्याचे नसतात, त्याने ते पुढे द्यायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणून भाच्याला आजच सांगून ठेवा, नाहीतर दिवाळीला बोलणं बंद होईल.

२. संस्था निवडा आणि तिला विचारा

विचारा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही. अहो, खुद्द आल्फ्रेड नोबेलने केलं नव्हतं! २७ नोव्हेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये त्याने मृत्युपत्रावर सही केली, वकिलांवर विश्वास नाही म्हणून स्वतःच लिहिलेलं, आणि त्यात साहित्याचं बक्षीस स्टॉकहोमच्या अकादमीने द्यावं असं लिहून मोकळा झाला. ज्यांनी बक्षिसं द्यायची त्यांना पत्ता नाही, पैसे ज्या फंडात जायचे तो अस्तित्वातच नाही. १८९६ च्या डिसेंबरात तो गेला, नातेवाईक भांडायला उठले, संस्थांची मनधरणी करावी लागली, फाउंडेशन १९०० ला उभं राहिलं आणि पहिलं बक्षीस १९०१ ला. हे सगळं निभावलं कारण मृत्युपत्र अमलात आणायला राग्नार सोलमान नावाचा विशीतला खमक्या पोरगा नेमलेला होता. आपल्याकडे तसा पोरगा असेलच असं नाही.

आपल्याकडे संस्थांची कमी नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ चा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० चं. पण माझं स्पष्ट मत, मोठ्या संस्थेत तुमचे दोन लाख समुद्रात खसखस, तालुक्याच्या वाचनालयात त्याच पैशात बालविभाग उभा राहतो.

संस्थेत जाऊन नुसतं "देणगी द्यायचीय" म्हणू नका, चहा देतील आणि पावतीपुस्तक काढतील. या गोष्टी विचारा: धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक काय, नोंदणीतलं पूर्ण नाव काय (पाटीवरचं नाही, कागदावरचं), गेल्या तीन वर्षांचे हिशेब दाखवता का, विश्वस्तांमध्ये वाद चालू आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळत नाही, ते समोरच्या चहाच्या टपरीवर मिळतं. नाव आणि क्रमांक बघून लिहून घ्या कारण "नगर वाचनालय" आणि "सार्वजनिक वाचनालय" आपल्या राज्यात गावोगाव आहेत.

परदेशात असाल तर अजून एक. भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही, पण अमेरिकेचं किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) का असेना, तुमचा पैसा हा परकीय निधी ठरतो आणि तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. छोट्या वाचनालयाकडे ती बहुतेक नसते. न्यू जर्सीत बसून गावच्या वाचनालयाला डॉलर लिहून ठेवाल आणि ते बिचारे घेऊच शकणार नाहीत.

३. काय द्यायचं

पैसे सगळ्यात सोपे. ठरावीक रक्कम लिहा, किंवा "सगळ्यांना देऊन जे उरेल त्यातला दहावा हिस्सा" असं लिहा. मला दुसरं बरं वाटतं कारण आज लिहिलेल्या एका लाखाची वीस वर्षांनी काय किंमत असणार, आणि उलट आजारपणात सगळं संपलं तर घरच्यांवर बोजा नको. फ्लॅट किंवा जमीन द्यायची असेल तर लक्षात घ्या, सार्वजनिक न्यासाला स्थावर विकायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्यात वेळ जातो, तोवर सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा कुणी? त्यापेक्षा एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या माणसाने, विकून पैसे द्यावेत असं लिहिलेलं सोयीचं.

पुस्तकं. आता इथे थोडं कडू बोलतो. आपल्याला आपला संग्रह अमोल वाटतो, ग्रंथपालाला तो दोन हजार पुस्तकांचा ढीग वाटतो ज्यातल्या कादंबऱ्या त्याच्याकडे तीन-तीन प्रती आहेत. जिवंतपणीच यादी करा आणि ग्रंथपालाला दाखवा. त्यांना बरेचदा रस असतो तो आपण रद्दी समजतो त्यात, जुने दिवाळी अंक, बंद पडलेली मासिकं, गावचा काही इतिहास असलेल्या स्मरणिका, लेखकांची पत्रं, पोथ्या. आणि पुस्तकांबरोबर पैसे ठेवा, कपाटं, नोंदी, बांधणी याला खर्च येतो, तो दिला नाही तर तुमची खोकी जिन्याखाली जातात. रा. गो. भांडारकरांचा ग्रंथसंग्रह पुण्याच्या भांडारकर संस्थेला मिळाला आणि टिकला कारण सांभाळायला माणसं आणि जागा होती. तुम्ही भांडारकर नसाल तर माणसांचा खर्च तुम्हीच बघा.

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर कॉपीराइट हीसुद्धा मालमत्ताच. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं तो चालतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाने आपल्या अस्वलाच्या गोष्टींच्या उत्पन्नातला एक वाटा अडचणीतल्या लेखकांना मदत करणाऱ्या रॉयल लिटररी फंडाला ठेवला होता, त्या फंडाला त्यातून पुढे किती वर्षं पैसा येत राहिला. तुमच्या कवितासंग्रहाची रॉयल्टी वर्षाला चारशे रुपये असेल तरी हक्क कुणाकडे ते लिहा, नाहीतर नवी आवृत्ती काढायला प्रकाशकाला पाच वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात आणि मग तो काढतच नाही. अजून एक बारकी गोष्ट, अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं आणि बाकी काही लिहिलं नाही तर त्याचा कॉपीराइटही त्याच्याकडेच जातो असं कायदा धरून चालतो. कागद वाचनालयाला पण हक्क मुलीला असं हवं असेल तर तसं शब्दात लिहा.

४. कशासाठी ते ठरवा, पण फार आवळू नका

पुरस्कार ठेवू नका असं मी म्हणेन. रागावतील लोक, पण हिशेब बघा. एक लाखाच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७ हजार. त्यात शाल, श्रीफळ, हॉल, पाहुण्यांचा प्रवास, आणि उरलं तर लेखकाच्या पाकिटात. व्याजदर खाली आला की पुरस्कार "यंदा अपरिहार्य कारणास्तव" रद्द. त्यापेक्षा मासिकांची वर्गणी, मुलांची पुस्तकं, जुन्या पुस्तकांची बांधणी, नाहीतर सरळ ग्रंथपालाच्या पगाराला हातभार. पगाराला कुणी देणगी देत नाही कारण पगारावर नावाची पाटी लावता येत नाही.

मुद्दल मोडायचं नाही फक्त व्याज वापरायचं असेल तर "कायम निधी म्हणून" हे शब्द घाला. पण अटी कमी. "दरवर्षी माझ्या पुण्यतिथीला फक्त ललित निबंधाच्या पुस्तकाला" अशी अट घातली की दहा वर्षांनी पैसे असतात आणि निबंध नसतो.

५. लिहा आणि सह्या करा

साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, मराठीत चालतं. परिच्छेद साधारण असा:

"माझ्या मृत्यूनंतर माझ्या ____ बँकेतील ____ क्रमांकाच्या मुदतठेवीची रक्कम व्याजासह ____ या संस्थेस (नोंदणी क्र. ____, पत्ता ____) द्यावी. संस्थेने ती शक्यतो मुलांच्या पुस्तकांसाठी वापरावी, ते शक्य नसल्यास वाचनालयाच्या कोणत्याही कामासाठी वापरावी. ही संस्था तेव्हा अस्तित्वात नसल्यास किंवा रक्कम घेण्यास तयार नसल्यास ती ____ या संस्थेस (नोंदणी क्र. ____) द्यावी."

"शक्यतो" हा शब्द आणि दुसऱ्या संस्थेचं नाव, या दोन गोष्टी आत्याच्या कागदात असत्या तर आमचे चौदा महिने वाचले असते.

भारतीय वारसा कायदा १९२५ प्रमाणे तुमची सही आणि दोन साक्षीदार लागतात, दोघांनी तुम्हाला सही करताना बघितलेलं हवं आणि मग तुमच्यासमोर स्वतःच्या सह्या. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, ज्यांना काही मिळणारे ते नकोत, वाचनालयाचे अध्यक्षही नकोत. वय जास्त असेल तर डॉक्टरचं मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचं पत्र त्याच दिवशीचं जोडा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण एखादा भाऊ कुरबुर करेल असं वाटत असेल तर सबरजिस्ट्रारकडे जाऊन करून टाका, पुढे "ही सही त्यांची नाहीच" म्हणणं अवघड जातं. नंतर मत बदललं तर नवीन करता येतं, शेवटचं तेच खरं.

एक्झिक्युटर नेमा, म्हणजे हे सगळं प्रत्यक्ष करणारा माणूस. जवळचा आणि चिवट. भावनाप्रधान नको.

६. सांगा आणि सापडेल असं ठेवा

संस्थेला एक पत्र द्या की असं ठेवलंय, रक्कम नाही सांगितली तरी चालेल. घरच्यांनाही सांगा, मुलांना वकिलाच्या तोंडून कळलं तर त्यांना राग पैशाचा नसतो, न सांगितल्याचा असतो. मूळ प्रत फक्त आपल्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये नको कारण तो उघडायलाच आधी कागदपत्रं मागतात, एक्झिक्युटरकडे द्या किंवा निदान कुठल्या कपाटात कुठल्या कप्प्यात ते त्याला दाखवा. आत्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचं मृत्युपत्र मला रद्दीवाल्यासाठी दिवाळी अंकांचे गठ्ठे बांधताना मिळालं, एका अंकाच्या मधोमध, आणि त्याआधीचे दोन गठ्ठे सकाळीच गेले होते.