मॉनिटरची बटणं लॉक झालीत? मागचं झाकण उघडण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर 43 अंश. अण्णा म्हणाले, "सर, डिझाईनचा मॉनिटर गेला बघा. एकही बटण चालंना. नवीन बोर्ड केवढ्याला पडेल?"

गेलो. केबिनमध्ये कूलर घोंगावत होता. डिझाईन करणाऱ्या अक्का जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या, बॉर्डरवर काम करत बसल्या होत्या. मॉनिटर व्यवस्थित चालू होता, फक्त ब्राइटनेस इतका खाली गेला होता की मरून आणि चॉकलेटी रंग एकसारखे दिसत होते. मी मेन्यूचं बटण दाबलं. स्क्रीनच्या मधोमध एक छोटी चौकट आली आणि दोन-तीन सेकंदांत गेली.

"हे काय लिहून येतंय?"

"ते येतंच की सारखं. इंग्रजीत कायतरी आहे."

त्या चौकटीत 'ओएसडी लॉकआउट' एवढे दोनच शब्द होते. बोर्ड ठणठणीत होता. बटणांना कुलूप लागलं होतं आणि ते कुलूप बटणांनीच निघतं. महिन्यात असे दोन-तीन फोन येतात आणि प्रत्येक ठिकाणी मी पोचेपर्यंत काही ना काही उद्योग होऊन गेलेला असतो. त्या उद्योगांबद्दलच लिहितोय.

चौकट न वाचणं

पहिली चूक हीच, आणि बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंग यांची जी पाटी मॉनिटर स्वतः स्क्रीनवर दाखवतो ती म्हणजे ओएसडी, ऑन स्क्रीन डिस्प्ले. दुकानात, शाळेत, दवाखान्याच्या काउंटरवर येणाऱ्या-जाणाऱ्याने सेटिंग बिघडवू नये म्हणून कंपन्या तिला लॉकची सोय देतात. कंपनीप्रमाणे शब्द बदलतात: ओएसडी लॉक्ड, मेन्यू लॉक, कंट्रोल्स लॉक्ड, की लॉक. काही मॉनिटर नुसतं कुलपाचं चित्र दाखवतात.

बटण दाबल्यावर असं काही उमटत असेल तर बटण चांगलं आहे. त्याचा दाब मॉनिटरला कळतोय, म्हणून तर तो नाही म्हणतोय. काहीच उमटत नसेल, पॉवरचा दिवाही हलत नसेल, तर प्रकरण वेगळं. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "दाबल्यावर काय दिसतं?" निम्म्या वेळा उत्तर येतं, "थांबा, चष्मा आणतो."

घाईघाईत दहा मोजणं

अण्णांना सांगितलं, मेन्यूचं बटण दाबून धरा आणि सावकाश दहा मोजा. त्यांनी अंगठा ठेवला आणि सुरू केलं, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." शहराच्या पूर्व भागात माणूस मराठी बोलतो, पण मोजायची वेळ आली की तेलुगूच बाहेर येते. "पदी" म्हणून त्यांनी बोट उचललं. चौकट तशीच. मी माझ्या घड्याळाकडे बघत होतो. दहा आकडे चार सेकंदांत संपले होते.

दुसऱ्यांदा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत धरलं. काटा दहा घरं पुढे गेला आणि चौकट बदलली.

हसण्यावारी नेऊ नका, ही खरोखरची चूक आहे. बटण दाबून माणूस वाट बघत असला की सेकंद लहान होतात. काटा बघा, किंवा मोबाईलवर स्टॉपवॉच लावा.

आता कुठलं बटण आणि किती वेळ. इथे एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. एचपीच्या बऱ्याच मॉनिटरवर मेन्यूचं बटण 10 सेकंद. फिलिप्सवरही तेच, मेन्यू किंवा ओके 10 सेकंदांच्या वर धरायचं. बेनक्यूमध्ये कुठलंही बटण 10 सेकंद धरलं की लॉकचा पर्याय समोर येतो आणि त्यातून तो काढायचा. सॅमसंगच्या बटणवाल्या जुन्या मॉडेलांत मेन्यू 5 ते 10 सेकंद. डेलच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत पॉवरच्या शेजारचं, मेन्यूतून बाहेर पडायचं बटण 4 सेकंद धरलं की कुलपांची चित्रं येतात, त्यातलं उघडं कुलूप निवडायचं. मागे काडीसारखी जॉयस्टिक असेल तर ती एका बाजूला ढकलून तेवढाच वेळ धरायची. व्ह्यूसॉनिकच्या जुन्या मॉडेलांत 1 आकड्याचं बटण आणि वरचा बाण, दोन्ही एकदम 10 सेकंद.

एओसीची तऱ्हा निराळी. मॉनिटर आधी बंद करायचा, मेन्यू दाबून धरायचं आणि ते धरलेलं असतानाच पॉवर दाबून चालू करायचा. चालू मॉनिटरवर अर्धा तास मेन्यू दाबत बसलात तरी तो हलायचा नाही.

तुमच्या मॉडेलचा नंबर मागच्या स्टिकरवर असतो. कंपनीच्या साइटवर तो टाकून माहितीपुस्तिका उघडली तर शोधायला पाच मिनिटं लागतात. मी अजूनही तेच करतो, पाठांतरावर भरवसा ठेवत नाही.

निघालेलं लॉक परत लावणं

बहुतेक ठिकाणी लावायची आणि काढायची कृती एकच असते. लॉक निघालं, चौकट आली, पण खात्री नाही म्हणून माणूस बोट तसंच दाबून ठेवतो किंवा लगेच पुन्हा दाबतो. कुलूप परत लागतं. एका झेरॉक्सवाल्याने असं चार वेळा उघडून चार वेळा लावलं होतं आणि माझ्यासमोर शपथेवर सांगत होता की काहीच होत नाही. चौकट बदलली की बोट उचला, थोडं थांबा, मग मेन्यू एकदा हलकेच दाबून बघा.

प्लग काढणं, विंडोज फॉरमॅट करणं

यावर फार लिहीत नाही. मॉनिटर आपली सेटिंग आतल्या अशा मेमरीत ठेवतो की वीज गेली तरी ती पुसली जात नाहीत. रात्रभर प्लग काढून ठेवलात तरी सकाळी लॉक जागेवरच. विंडोजचा तर इथे काडीचा संबंध नाही. तरी दोन जणांनी फॉरमॅट मारून घेतलं आहे, त्यातल्या एकाचा टॅलीचा बॅकअपही नव्हता. फॅक्टरी रीसेटही बहुधा कामाला येत नाही, कारण तो पर्याय त्याच कुलूपबंद मेन्यूच्या आत असतो.

व्हिडिओ बघून दिसतील ती बटणं दाबणं

सगळ्यात जास्त नुकसान मी इथे पाहिलंय. दोन-तीन बटणं धरून मॉनिटर चालू केला की काही मॉडेलांत कंपनीच्या कारागिरांसाठीचा मेन्यू उघडतो. त्याला फॅक्टरी मेन्यू किंवा सर्व्हिस मेन्यू म्हणतात. त्यात लाल, हिरव्या, निळ्याचे मूळ आकडे असतात, पॅनेलचा, म्हणजे आतल्या पडद्याचा, प्रकार असतो, बर्न-इन नावाचं चालू-बंद असतं.

सात रस्त्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत पोराने व्हिडिओ बघून हे उघडलं. समोर दिसेल ते चाचपलं, त्यात बर्न-इन चालू झालं. त्यानंतर सिग्नलची केबल काढली की मॉनिटर पांढरा, लाल, हिरवा, निळा असा आळीपाळीने भडकायचा, गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्याच्या दिव्यांसारखा. कारखान्यात पॅनेल तपासायला ते रंग असतात. ते बंद करणं सोपं होतं. पण त्याने लाल-निळ्याचे आकडेही हलवले होते आणि मूळ आकडे कुठेच लिहून ठेवले नव्हते. त्या स्क्रीनवर बघून रंग जुळवलेले लग्नाचे फोटो महिनाभर पिवळट छापले गेले.

अनोळखी मेन्यू चुकून उघडलाच तर काही न बदलता बाहेर पडा. कुतूहल असेल तर आधी मोबाईलने त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

अडकलेल्या बटणाला लॉक समजणं

हे मात्र आपल्या सोलापूरचं खास. माग जिथे चालतो तिथे कापसाची बारीक धूळ हवेत असतेच. ती बटणाच्या फटीत बसते, त्यात कूलरचा दमटपणा, त्यात दुपारच्या डब्यातल्या शेंगाचटणीचं तेल लागलेलं बोट. बटण आत जातं आणि पूर्ण बाहेर येत नाही. मॉनिटरला वाटतं, कुणीतरी दाबून धरलंय. मेन्यूचं बटण असेल तर दहा सेकंदांनी आपोआप लॉक लागतं. तुम्ही काढता, ते परत लागतं.

खूण अशी: लॉक काढल्यावर कुणी हात न लावता परत येतं, किंवा मेन्यू आपणच उघडमीट करतो. मॉनिटर बंद करून प्लग काढा. मऊ कोरड्या ब्रशने फट झाडा आणि ते बटण पंधरा-वीस वेळा दाबून सोडा. बहुतेक वेळा एवढ्यावर मोकळं होतं. गंज काढायचा स्प्रे थेट फवारू नका. तो आत उतरून पॅनेलच्या कडेला गेला की कायमचा डाग पडतो. स्पर्शाची बटणं असतील तर कोरड्या कापडाने पट्टी पुसा, बोटं पुसा, मग प्रयत्न करा. ओल्या बोटाने ती भलतीच वागतात.

तरीही नाही जमलं तर बटणांची पट्टी बदलावी लागेल. ती छोटी वेगळी पट्टी असते. अख्खा बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला आधी जुनी पट्टी काढून दाखवायला सांगा.

पॉवर बटणाचं लॉक वेगळं असतं

मेन्यू उघडतो, पण मॉनिटर बंद होत नाही, अशीही तक्रार येते. काही कंपन्या पॉवर बटणाला स्वतंत्र लॉक देतात. एचपीमध्ये पॉवरचंच बटण 10 सेकंद धरलं की निघतं. डेलच्या कुलपांच्या चित्रांत मेन्यू, पॉवर आणि दोन्ही असे पर्याय असतात, तिथे नीट बघून निवडा.

काम अडवून बसणं

लॉक निघेपर्यंत अंधाऱ्या स्क्रीनवर डोळे फोडायची गरज नाही. मॉनिटर आणि कॉम्प्युटर केबलमधून एकमेकांशी बोलू शकतात, त्या सोयीला डीडीसी/सीआय म्हणतात. ट्विंकल ट्रे किंवा मॉनिटोरियन असं ॲप घेतलं की ब्राइटनेस माऊसने वरखाली होतो. लिनक्सवाल्यांसाठी डीडीसीयुटिल आहे. बटणं लॉक असली तरी बऱ्याच मॉनिटरवर हे चालतं. मॉनिटरच्याच मेन्यूत डीडीसी/सीआय बंद करून ठेवलं असेल तर मात्र चालणार नाही.

सेकंडहँड मॉनिटर घेतानाही हे कामाला येतं. मोठ्या ऑफिसांतून निघालेला माल अनेकदा लॉक लावलेलाच येतो. पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर मेन्यू उघडून ब्राइटनेस शंभरपर्यंत नेऊन बघा. "लॉक आहे, घरी जाऊन काढा" असं तो म्हणाला तर तिथेच काढायला लावा. लॉकच्या नावाखाली मेलेली बटणं खपतात.

अण्णांच्या मॉनिटरला लॉक लागलं कसं, तेही कळलं. रात्रपाळीचा पोरगा रोज फडक्याने मॉनिटर पुसायचा आणि खालची कड अंगठ्याने घट्ट धरायचा. मेन्यूचं बटण बरोबर त्या अंगठ्याखाली यायचं.

अक्कांनी ब्राइटनेस वर घेतला, मरून वेगळा दिसायला लागला. मग मला विचारलं, "आता परत लावायचं कसं? रात्री ही पोरं रंग बदलून ठेवतात." म्हटलं, तेच बटण, तेवढेच सेकंद. त्यांनी टॉवेलवर लावायच्या किमतीच्या चिठ्ठीमागे "मेन्यू, 10, काटा बघून" असं लिहिलं आणि मॉनिटरच्या मागच्या बाजूला चिकटवलं.