लहान लेथचा वेग कमी करताना आधी बेल्ट बदलावा

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात दिवसभर मोठ्या लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) काम करून घरी छंदासाठी छोटा लेथ मांडणारे नाशिकमध्ये कमी नाहीत, आणि त्यांच्यापैकी अनेकांची मोटर एकाच सवयीमुळे तापते: वेग कमी हवा असला की ते फक्त व्हीएफडीची (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाची) नॉब फिरवतात.

४० मिमी व्यासाच्या एमएस (सौम्य पोलाद) जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, मिनिटाला २५ मीटर कापण्याचा वेग धरला, तर चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) सुमारे २०० आरपीएमने (मिनिटाला २०० फेरे) फिरायला हवा. हा वेग नॉबने १० हर्ट्झपर्यंत उतरून मिळवला, तर मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) फार तर पूर्वीइतकाच राहतो आणि ५० हर्ट्झला मिळणाऱ्या शक्तीचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती येतो. शिवाय मोटरच्या शाफ्टवरचा पंखाही तितकाच मंदावत असल्याने उष्णता बाहेर पडत नाही. उलट बेल्ट मोटरच्या लहान आणि स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या पुलीवर घेतला, तर वेग उतरतो त्या प्रमाणात चकवरचा टॉर्क वाढतो. म्हणून आधी पुली निवडावी आणि नॉब केवळ थोड्या फेरफारासाठी वापरावी. डीसी मोटरच्या लेथलाही हेच लागू आहे.

व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच बसवू नये, कारण चालू असताना तो उघडल्यास व्हीएफडी जळू शकतो. झाकण उघडण्यापूर्वी मात्र पुरवठा तोडून माहितीपुस्तिकेत दिलेली मिनिटे थांबावेच, कारण आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असतो.