पाण्यापलीकडच्या पाड्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावात कशी बसवावी

अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या नर्मदाकाठी सरदार सरोवराच्या फुगवट्याने काही पाड्यांची जवळजवळ बेटंच करून टाकली आहेत. पाठीशी सातपुड्याचा चढ, पुढे पाणी आणि ग्रामपंचायत डोंगरापलीकडे. अशा पाड्यांतून ‘रस्ता, दवाखाना व रेशन मिळावे’ असा ठराव होतो आणि पंचायत समितीच्या फायलीत पडून राहतो. तीन खात्यांची कामं एका ओळीत कोंबलेली, कुठे ते नाही, किती माणसांसाठी ते नाही. ज्याच्या टेबलावर कागद जातो तो ‘आमच्याशी संबंधित नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. म्हणून एका ठरावात एकच काम लिहायचं, तेही एकाच खात्याचं.

वेळ चुकली तर चांगला ठरावही वाया जातो. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या ग्रामसभा सगळ्यांना ठाऊक आहेत. पुढच्या वर्षाचा गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत बनतो. जानेवारीत मांडलेली मागणी त्यात बसत नाही. १५ ऑगस्टला पाणी चढलेलं, नाले भरलेले, पाड्यातली माणसं सभेला पोचतच नाहीत. त्यामुळे १ मेची सभा धरावी. आकडे आणि सह्या होळीच्या आसपास गोळा करा. गुजरातेत मजुरीला गेलेली माणसंही होळीला घरी येतात, एरवी निम्म्या घरांना कुलूप असतं.

आता आकडे. रेशनचंच उदाहरण घ्या. नवसंजीवन योजनेत पावसाळ्यात तुटणाऱ्या आदिवासी गावांना धान्य आधीच पोचवायचं असतं, पण किती पोचवायचं हे पाड्याने सांगितलेलं बरं. समजा पाड्यात ४० कार्डं आहेत, त्यांत २५ अंत्योदय आणि १५ प्राधान्य कुटुंबांची, प्रत्येकी सहा माणसं. अंत्योदयला महिन्याला कार्डामागे ३५ किलो, म्हणजे जून ते सप्टेंबर १४० किलो. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, म्हणजे घरटी महिन्याला ३० आणि चार महिन्यांचे १२० किलो. पहिल्यांचे ३,५०० आणि दुसऱ्यांचे १,८०० मिळून ५३ क्विंटल, ५० किलोची १०६ पोती. एवढी पोती ठेवायला कोरडी जागा लागते. ती शाळेची खोली असेल की कुणाचं घर, हे ठरावातच लिहा. नाहीतर ‘साठवणुकीची सोय नाही’ हे उत्तर तयार असतं. आणखी एक अडचण अंगठ्याची. रेशन देताना अंगठा घेणाऱ्या पॉस मशीनला रेंज लागते आणि काठावर ती बहुधा नसते. रेंज नक्की कुठल्या टेकडीवर मिळते ते पाड्यातल्या पोरांना माहीत असतं. तीच जागा लिहून मशीन तिथे आणण्याची मागणी करा.

नाव लावायच्या धक्क्याची मागणी सगळ्यात जास्त चुकते. ‘काठावर सिमेंटचा धक्का बांधावा’ असं लिहून मोकळे होतात. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे आणि किमान पातळी ११०.६४ मीटर. मध्ये २८ मीटरचा फरक. पावसाळ्याअखेरच्या पाण्याला धरून बांधलेला धक्का उन्हाळ्यात उंच कोरडा उभा राहतो आणि त्याच्या खाली गुडघाभर गाळ. आजारी बाईला झोळीत घालून त्या गाळातून नावेपर्यंत नेणं काय असतं, हे काठावरच्यांना सांगायला नको. तेव्हा मागणी पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या जेटीची करा, सोबत गाळावरून जाणारी फरसबंद उतरती वाट मागा. पाणी चढलेलं असताना एक आणि उतरलेलं असताना एक, असे त्याच जागेचे दोन फोटो जोडले की अभियंत्याला वेगळं समजवावं लागत नाही.

दवाखान्याची इमारत मागण्यापेक्षा बोट अँब्युलन्सची ठरलेल्या वारी फेरी मागितली तर लवकर पदरात पडते. जून ते ऑक्टोबरमध्ये बाळंत होणाऱ्या बायकांची महिनावार संख्या आशाताईंकडून घ्या. नावं ठरावात नकोत, आकडा पुरे. ज्यांच्या तारखा भर पावसात येतात त्यांना आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात राहायला न्यावं, हेही त्यातच लिहा. लाइफ जॅकेट, दोर, सौर दिवा या बारीक वस्तू जिल्ह्याकडे मागत बसू नका. पेसा म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा. त्याचा पाच टक्के निधी ग्रामपंचायतीकडे थेट येतो, त्यातून घेण्याचा विषय लावा. २०१९ च्या संक्रांतीला नर्मदेत भुशा गावाजवळ नाव उलटून माणसं बुडाली, त्यानंतर तरी जॅकेट ही चैन समजू नये.

विषय सभेच्या नोटिशीत यायला हवा. अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. ‘ऐनवेळचे विषय’ यावर विसंबू नका. सभा तहकूब झाली तर ती पुन्हा भरते तेव्हा नवा विषय घेता येत नाही. शंभर मतदार हजर असले की गणपूर्तीची तक्रार कुणी करू शकत नाही. माणसं सभेला न्यायला दोन बार्ज (मोठ्या नावा) आणि एक जीप आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. ठरावाचा मजकूर घरूनच लिहून न्या, साधारण असा:

‘अमुक पाड्यातील ४० शिधापत्रिकांचे जून ते सप्टेंबरचे ५३ क्विंटल धान्य ३१ मेपूर्वी पाड्यावर पोचवावे. साठवण जि. प. शाळेच्या खोलीत. वाटपासाठी पॉस मशीन रेंज मिळते त्या अमुक टेकडीवर आणावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सर्वानुमते मंजूर.’

ग्रामसेवकांचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, तोंडात मात्र भाऊसाहेबच. ‘प्रोसिडिंग नंतर लिहितो’ असं भाऊसाहेब म्हणाले तर गोडीने, पण तिथेच लिहून घ्या. लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावा आणि पावरीत किंवा भिलीत सांगायला एकजण उभा करा. त्यानंतरच सह्या-अंगठे. ५३ चे ३५ होतात ते इथेच. रजिस्टरच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

नक्कल मिळाली की झेरॉक्स काढा. रेशनचा ठराव तहसीलच्या पुरवठा शाखेला, फेरीचा तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, जेटीचा तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. महिनाभर हालचाल नसेल तर ‘ठरावावर काय कार्यवाही झाली’ एवढाच प्रश्न माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टँप लावून विचारा. अर्जात कैफियत लिहू नका, कैफियतीला उत्तर द्यायचं बंधन नसतं.

पाड्याचा विषय मुख्य गावाच्या सभेत दरवेळी मागेच पडत असेल, तर पेसा नियमांप्रमाणे पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतो. पाड्यातल्या मतदारांनी बहुमताने ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. सोबत पाड्याची हद्द दाखवणारा हाताने काढलेला नकाशा लावा, नाला, देवस्थान, जंगलाची कड सगळं दाखवून. बुडालेल्या जमिनीची जुनी हद्दही त्यावर काढायला विसरू नका.