झाड तोडल्याचे सरकारी कागद मागताय? या चुका टाळा

चोरटी वृक्षतोड बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी होते. सकाळी करवतीचा आवाज येतो, दुपारपर्यंत टेम्पो भरून निघूनही जातो आणि सोमवारी आपण तावातावाने माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसतो. पहिली चूक इथेच होते.

चोरून तोडलेल्या झाडाची फाईल आपोआप तयार होत नसते. परवानगी मागितलीच नसेल तर परवानगीचा कागद येणार कुठून? माहिती अधिकार कायदा, २००५ हा दप्तरात असलेला कागद मिळवून देतो, नसलेला कागद तयार करायला लावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हे स्पष्टच सांगितलं आहे. म्हणून आधी तक्रार करा: लेखी, तारीख, वेळ आणि जागा घालून, फोटो जोडून, आवक क्रमांकाची पोच घेऊन. तक्रार आत गेली की काहीतरी हलतं. कोणी जागेवर येतो, पंचनामा होतो, नोटीस निघते. काहीच झालं नाही तर तेही त्या तक्रारीच्या कागदावर दिसतं. मग दोन-तीन आठवड्यांनी अर्ज टाका. आता मागायला कागद असतात.

'का' विचारू नका, कागदाचं नाव सांगा

आमच्या शेजारच्या प्लॉटवरचा रेन ट्री गेला तेव्हा मी केलेल्या अर्जात पाच प्रश्न होते आणि पाचही 'का' किंवा 'कोणाच्या आशीर्वादाने' अशा थाटाचे. उत्तर एका ओळीत आलं: 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही.' मी भडकलो, पण चूक माझीच होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलं आहे की 'का' या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे कारणमीमांसा, 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. राग तक्रारीत काढावा. अर्ज किराण्याच्या यादीसारखा कोरडा हवा.

दुसऱ्यांदा लिहिला तो साधारण असा होता:

'अमुक सर्व्हे क्रमांकाच्या भूखंडावरील झाडे तोडणे अथवा छाटणे याबाबत १ जानेवारी ते ३० जून या कालावधीत आलेले अर्ज, स्थळपाहणी अहवाल, वृक्ष प्राधिकरणाच्या सभेचा ठराव, परवानगी आदेश, तसेच माझ्या तक्रार क्रमांक अमुकवरील पंचनामा, नोटीस व टिपणी यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. परवानगी दिली नसल्यास 'निरंक' असे लेखी कळवावे.'

शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. 'निरंक', म्हणजे 'काहीही नाही', असं उत्तर आलं की अनेकजण हिरमुसतात, अर्ज वाया गेला म्हणून कागद फेकून देतात. अहो, तोच तर पुरावा! या झाडाला परवानगी नव्हती, असं खुद्द कार्यालयच सही-शिक्क्यानिशी सांगतंय. तो कागद पुढच्या प्रत्येक तक्रारीला जोडायचा.

अर्जात 'छाटणे' हा शब्दही मुद्दाम घातलेला असतो. फक्त 'तोडण्याच्या परवानगी'ची प्रत मागितलीत तर 'निरंक' येईल, आणि फांद्या छाटण्याची परवानगी घेऊन अख्खं झाड उतरवल्याची गोष्ट फाईलमध्येच झोपून राहील.

शिवाय महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा, असा २०१२ पासून नियम आहे. दोन-चार विषय एकत्र कोंबले तर अधिकारी पहिल्याच विषयावर उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. झाड, अनधिकृत बांधकाम आणि तुंबलेलं गटार एका अर्जात नकोत. माहिती कशासाठी हवी ते सांगायचीही गरज नाही. त्यात वीस शब्द घालवू नका.

चुकीचं दार

शहरात, म्हणजे महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत, १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागतो. कागद वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकाऱ्याकडे असतात, व्यवहारात बहुतेकदा उद्यान विभागात. गावाकडे १९६४ चा वृक्षतोड (विनियमन) अधिनियम. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह अशी झाडं आहेत. तिथे तहसील आणि वन विभाग, दोन्ही दारं बघावी लागतात. जंगलाच्या जमिनीवर तोड झाली असेल तर थेट वनपरिक्षेत्र अधिकारी. त्यांच्याकडे वनगुन्ह्याची नोंद, जप्तीचा पंचनामा आणि लाकूड हललं असेल तर वाहतूक परवाना मागायचा.

दार चुकलं म्हणून अर्ज मरत नाही. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. तरी 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' एवढं लिहून मोकळे होणारे भेटतातच. अर्जाच्या तळाशी ६(३) चा उल्लेख आधीच केलेला बरा.

नकाराचं पत्र शेवटचा शब्द मानणं

'प्रकरण चौकशीवर आहे' हा सगळ्यात लाडका नकार. कलम ८(१)(ज), म्हणजे तपासात अडथळा. पण नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही. माहिती दिल्याने तपासाला नेमका अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात २००७ मध्ये म्हटलं आहे. अपिलात, म्हणजे नकाराविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्याकडे केलेल्या अर्जात, हीच ओळ घाला. पंचनामा झाला, नोटीस बजावली, ती समोरच्याच्या हातातही पडली. मग तुम्हाला दाखवल्याने कोणता तपास बिघडणार?

दुसरा नकार 'त्रयस्थ पक्षाने', म्हणजे ज्याची माहिती त्या कागदात आहे अशा तिसऱ्या माणसाने, 'हरकत घेतली' हा. त्रयस्थाचं म्हणणं ऐकायचं असतं, पण त्याचा नकार म्हणजे निकाल नव्हे. निर्णय अधिकाऱ्यानेच द्यायचा. तुम्हाला शेजाऱ्याचा फोन नंबर नकोच आहे, आदेश हवा आहे. कलम १० प्रमाणे खाजगी तपशील झाकून बाकीचा कागद द्या, असं अर्जातच लिहिलं तर वाद बराच आटोपतो.

तारखा

इथे सगळ्यात जास्त माणसं हरतात, तीही शिष्टाचारापायी. उत्तराची तीस दिवसांची मुदत संपली की आपण फोन करतो. साहेब म्हणतात, 'पुढच्या आठवड्यात या.' आपण जातो, चहा मिळतो, कागद मिळत नाही. असे पाच आठवडे गेले की पहिल्या अपिलाची तीस दिवसांची मुदत संपलेली असते. सबळ कारण दाखवून उशीर माफ होऊ शकतो, पण ती मेहेरबानी कशाला मागायची? चहा प्या आणि अपीलही करा. पहिल्या अपिलावर तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्यानंतर दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाकडे जायला नव्वद दिवस मिळतात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि प्रत्येक अपिलाला वीसचा. स्टॅम्प विसरून अर्ज परत आल्याचे किस्से कमी नाहीत.

आलेल्या पत्राचा लिफाफाही जपून ठेवा. पत्रावर २८ व्या दिवसाची तारीख आणि टपालाचा शिक्का ३६ व्या दिवसाचा, असं होतं. मुदत उलटली असेल तर प्रतींचे पानाला दोन रुपयेसुद्धा द्यावे लागत नाहीत, कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

आणि झाड अजून उभं असेल तर माहिती अधिकारावर विसंबून राहू नका. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडसाठी मुंबईच्या आरे वसाहतीतली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. तिथे तर परवानगी होती. तीस दिवसांचा अर्ज अशा वेगापुढे टिकत नाही. कायद्यातली ४८ तासांत माहिती देण्याची तरतूद माणसाच्या जीविताबद्दल आणि स्वातंत्र्याबद्दल आहे, झाडाच्या जिवाचा त्यात समावेश नाही. झाडावर नोटीस दिसली की मुदतीत लेखी हरकत घ्यायची, हाच खरा मार्ग.

फक्त झेरॉक्स मागणं

प्रतींसोबत फाईलची पाहणीही मागा. पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. कोणता कागद मागायचा हे कळतं ते तिथेच, कारण फाईलच्या डाव्या बाजूच्या टिपणीत कारकुनाने जे सहज लिहिलेलं असतं ते आदेशात कधीच येत नाही.

आमच्या रेन ट्रीची फाईल मी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून चाळली. अर्ज होता 'रस्त्यावर आलेल्या फांद्या छाटण्याचा'. परवानगीही तेवढीच. सोबतचा फोटो रस्त्याच्या बाजूने काढलेला, त्यात बुंधा कुंपणाआड. मग माझी तक्रार, मग पाहणी करणाऱ्याची पेन्सिलने लिहिलेली ओळ: 'जागेवर बुंधा आढळून आला नाही, जमीन सपाट.' जेसीबीने मुळासकट काढून वर मुरूम टाकला होता, त्यामुळे झाड किती घेराचं होतं याचा उल्लेख संपूर्ण फाईलमध्ये नव्हता. घेर मोजता येईल असा एकच कागद त्या नस्तीत होता, आणि तो मीच तक्रारीला जोडला होता: तोड चालू असताना गच्चीवरून काढलेला फोटो, ज्यात कापलेल्या ओंडक्यावर एक माणूस मांडी घालून डबा खात बसलेला दिसतो.